ब्रेस काढू, ठेवू की नोंदवू? अमेरिकेत नियम बदलतात तेव्हा बंदूकवाले काय करतात

डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचा प्रश्न आहे. ग्रीन कार्ड झाल्यावर २०२१ मध्ये त्यांनी साडेदहा इंच नळीचं एआर पिस्तूल (एआर रायफलच्या घडणीचं) घेतलं, मागे ब्रेस, म्हणजे हाताला बांधायचा आधाराचा तुकडा, लावलेला. २०२३ मध्ये एटीएफने, म्हणजे बंदुकांचे नियम बघणाऱ्या केंद्रीय खात्याने, ब्रेसचा नियम बदलला तेव्हा त्यांनी धावपळ करून ते आखूड नळीची रायफल, म्हणजे एसबीआर, म्हणून नोंदवून टाकलं. रेंजवरच्या मित्रांनी काहीच केलं नाही. पुढे तो नियमच रद्द झाला आणि आता तर एसबीआरवरचा करही शून्यावर आला. त्यांचं म्हणणं असं: "मी उगाच घाबरलो का? बाकीचे लोक अशा वेळी नेमकं करतात काय? आणि पुढचा नियम येण्याआधी काही घेऊन ठेवावं का?" शिवाय त्यांचा मेहुणा एच-१बी वर आहे आणि त्याला सायलेन्सर घ्यायचाय.

मी टेक्सासमधल्या एका बंदुकांच्या दुकानात एनएफएची, म्हणजे सायलेन्सर-एसबीआरसारख्या वस्तूंची नोंदणी सक्तीची करणाऱ्या केंद्रीय कायद्याची, कागदपत्रं बघतो, शनिवार-रविवार रेंजवर शिकवतो. वकील नाही, तेव्हा कोर्टात उभं राहायची वेळ आली तर माझं हे उत्तर घेऊन जाऊ नका. पण नियम बदलला की लोक पहिल्यांदा आमच्याच काउंटरवर येतात, त्यामुळे त्यांच्या तऱ्हा जवळून पाहिल्यात.

तुम्ही उगाच घाबरला नव्हता. त्या वेळी हातात होती तेवढ्या माहितीवर तो शहाण्याचा निर्णय होता आणि त्याचा तुम्हाला आजही फायदा आहे. तो कसा, ते शेवटी सांगतो. आधी लोकांचं बघू, कारण त्यांच्या वागण्यात एक ठरावीक चाल आहे.

नियमात काय लिहिलंय हे गिऱ्हाईक नंतर वाचतं. तो कोणी केला, हे आधी बघतं. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा केला असेल तर शिव्या घालत का होईना, पाळला जातो. एटीएफने अधिसूचना काढली असेल तर लोक हात बांधून वाट बघतात. राज्याने केला असेल तर पळवाट शोधतात, ती सापडली नाही तर माल राज्याबाहेरच्या भावाकडे ठेवून येतात. बम्प स्टॉक, ब्रेस, मॅगझिन, सायलेन्सर, कुठलीही वस्तू घ्या, हेच दिसेल.

हे असं का, ते समजायला १९३४ पर्यंत मागे जावं लागतं. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांच्या पार्श्वभूमीवर त्या वर्षी काँग्रेसने नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट केला. मशीनगन, आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन, सायलेन्सर या सगळ्यांची नोंदणी सक्तीची झाली आणि व्यवहारावर २०० डॉलर कर बसला. मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती. पिस्तूल नोंदवावं लागलं तर लोक रायफलची नळी कापून तेच काम साधतील, म्हणून आखूड रायफलीचं कलम घातलेलं. पुढे पिस्तुलं मसुद्यातून गळली, कलम मात्र जागेवर राहिलं. १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल नोंदणीशिवाय बाळगली तर १० वर्षांपर्यंत कैद, आणि तेवढ्याच नळीचं पिस्तूल मोकळं, हा जो विचित्र प्रकार नव्या माणसाला समजत नाही, तो या अर्ध्या खोडलेल्या मसुद्यातून आलेला आहे. ब्रेसची सगळी भानगड याच फटीत जन्मली.

१९३४ मध्ये २०० डॉलर म्हणजे बहुतेकांच्या बंदुकीपेक्षा कर मोठा. पण तो आकडा महागाईबरोबर कधी वाढवलाच नाही. नव्वद वर्षं २०० चे २०० राहिले आणि हळूहळू त्यातली जरब गेली. माझ्या काळात लोक कराला घाबरत नव्हते, फॉर्मला घाबरत होते.

१९८६ मध्ये काँग्रेसनेच आणखी एक दार बंद केलं. त्या वर्षाच्या १९ मेनंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेता येत नाही. त्याआधी नोंदलेल्या फिरत राहतात, संख्या वाढत नाही, भाव चढत जातो. आज चांगल्या स्थितीतली नोंदणीकृत एम-१६ चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाच्या कित्येक पट, हजारो डॉलरांत जाते. या कायद्यावर तावातावाने बोलणारे रोज भेटतात, पण त्यातला एकही मला "नोंदणीशिवाय जमवता येईल का" असं विचारत नाही. कायदा कायद्याच्या पुस्तकात आहे, तो कोर्टात टिकलाय, शिक्षा सगळ्यांना पाठ आहे.

१९९४ चा अनुभव वेगळा. १३ सप्टेंबर १९९४ पासून १० पेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन आणि ठरावीक वैशिष्ट्यांच्या रायफली बंद झाल्या. वैशिष्ट्यं म्हणजे काय, तर संगीन लावायचा कान, नळीच्या टोकाला ज्वाला लपवणारा तुकडा, दुमडणारा दस्ता वगैरे. कारखान्यांनी संगिनीचा कान कापला, नळीच्या टोकाचे आटे काढले आणि तीच रायफल विकली. बंदीआधीच्या मॅगझिनना वेगळा भाव आला. आणि मुख्य म्हणजे कायद्यातच दहा वर्षांची मुदत होती. १३ सप्टेंबर २००४ ला तो आपोआप संपला. त्या पिढीने त्यातून जो धडा घेतला तो आजतागायत चालू आहे: गप्प बसा, जाईल. मला विचाराल तर अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या मनोवृत्तीवर १९३४ पेक्षा या २००४ च्या तारखेचा ठसा जास्त आहे.

आता बम्प स्टॉक. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये मँडले बे हॉटेलच्या खिडकीतून एका माणसाने संगीत महोत्सवाच्या गर्दीवर दहा-अकरा मिनिटांत हजारावर गोळ्या झाडल्या. तेव्हा ५८ आणि पुढे जखमांनी गेलेले धरून ६० माणसं गेली. त्याच्या बऱ्याच रायफलींना बम्प स्टॉक होते. हा प्लास्टिकचा सरकता दस्ता. गोळी सुटली की धक्क्याने बंदूक दस्त्यात मागे सरकते, दुसऱ्या हाताचा पुढचा रेटा तिला परत पुढे आणतो, आणि जागच्या जागी धरलेल्या बोटावर चाप पुन्हा आदळतो. बोट हलत नाही, बंदूक हलते. वेग मशीनगनसारखा, पण प्रत्येक गोळीला चाप एकदा दाबला जातोच. एवढ्या एका तपशिलावर पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं.

एटीएफने २०१० मध्ये हीच वस्तू मशीनगन नाही असं लेखी कळवलेलं. व्हेगासनंतर राष्ट्रीय रायफल संघटनेने, म्हणजे एनआरएनेसुद्धा, अशा उपकरणांवर जास्त नियंत्रण हवं असं म्हटलं. गन ओनर्स ऑफ अमेरिकासारख्या कडव्या संघटना मात्र कोर्टात गेल्या. बंदूकवाले म्हणजे एकमुखी फौज, असं बाहेरून वाटतं. आत आल्यावर दिसतं की भाऊबंदकी आपल्याकडच्यापेक्षा कमी नाही. काँग्रेसने त्यावर कायदा केला नाही. ट्रम्प सरकारच्या एटीएफने डिसेंबर २०१८ मध्ये जुनं मत फिरवून बम्प स्टॉक मशीनगनच्या व्याख्येत घातला, आणि २६ मार्च २०१९ पर्यंत नष्ट करा किंवा जमा करा, असं सांगितलं. भरपाई शून्य.

एटीएफचाच अंदाज होता की लोकांकडे २ लाख ८० हजार ते ५ लाख २० हजार नग असतील. फोर्ट वर्थच्या एका विक्रेत्याने आपल्याकडचे ६०,००० नग एटीएफच्या देखरेखीखाली यंत्रात घालून भुगा केले. सामान्य माणसांनी सरकारकडे आणून दिलेले त्या मानाने अगदीच थोडे. बाकीचे कुठे गेले? काहींनी करवतीने कापले, हे खरं आहे. मी कापलेले तुकडे पाहिलेत, लोक फोटो काढून तारखेसकट ठेवायचे. बाकीच्यांचं मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

ऑस्टिनच्या एका दुकानदाराने, मायकेल कारगिल यांनी, तिसरा मार्ग धरला. आपले दोन बम्प स्टॉक निषेध नोंदवून एटीएफकडे जमा केले आणि मग खटला भरला. १४ जून २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो नियम रद्द केला. न्यायमूर्ती थॉमस यांच्या निकालपत्रात चापाच्या यंत्रणेच्या आकृत्या आहेत. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मतात बदकासारखं चालतं, बदकासारखं ओरडतं त्याला मी बदकच म्हणते, या धर्तीवर झोडपलं. न्यायमूर्ती अलीटो यांनी वेगळ्या टिपणात लिहिलं की काँग्रेसला हा कायदा बदलता येईल. काँग्रेसने अजून बदललेला नाही.

माझं मत विचाराल तर बम्प स्टॉक ही टाकाऊ वस्तू. नेम लागत नाही, काडतुसं वाया जातात, रेंजवर शेजारच्या माणसाला धाकधूक. त्यावर काँग्रेसने कायदा केला असता तर मी कुरकुरलो नसतो. पण २०१० मध्ये "चालेल" आणि २०१८ मध्ये "कैद" असं एकाच कार्यालयाने सांगितलं, की तिसऱ्या वेळी लोक ऐकत नाहीत. ब्रेसच्या वेळी नेमकं तेच झालं.

ब्रेसचा जन्म २०१२ चा. लष्करातून आलेल्या अ‍ॅलेक्स बॉस्को यांनी एका अपंग माजी सैनिक मित्रासाठी तो बनवला. एआर पिस्तूल एका हाताने पेलवत नाही, म्हणून मागच्या नळकांड्यावर बसणारा रबरी तुकडा आणि तो मनगटाजवळ बांधायचा पट्टा. एटीएफने त्या वर्षी लेखी मान्यता दिली. लोकांनी तो खांद्याला टेकवून वापरायला सुरुवात केली, कारण तसा तो सोयीचा पडतो. २०१५ मध्ये एटीएफने जाहीर पत्र काढलं की खांद्याला लावलात तर ती एसबीआर. २०१७ मध्ये त्यावर आणखी एक पत्र, की कधीमधी खांद्याला टेकला म्हणून तेवढ्याने होत नाही. दरम्यान कारखाने नवनवीन ब्रेस काढत होते, दर वर्षीचा नमुना आधीपेक्षा जास्त दस्त्यासारखा. २०२१ मध्ये तुम्ही घेतलात तो याच भरतीतला.

३१ जानेवारी २०२३ ला अंतिम नियम छापून आला. १२० दिवस, म्हणजे ३१ मेपर्यंत मुदत. पर्याय असे: ब्रेस काढून परत बसणार नाही असा करा, किंवा १६ इंचांची नळी लावा, किंवा बंदूक जमा करा, नाहीतर नष्ट करा, नाहीतर फॉर्म १ भरून नोंदवा, २०० डॉलर माफ. देशात ब्रेस किती होते? एटीएफ म्हणे ३० लाख. काँग्रेसच्याच संशोधन सेवेने दिलेला पल्ला १ कोटी ते ४ कोटी. मुदतीपर्यंत अर्ज आले अडीच लाखांच्या आसपास. एटीएफचा सगळ्यात लहान आकडा धरला तरी दहातल्या एकानेसुद्धा नोंदवला नाही. तुमचे मित्र त्या नवातले.

त्या चार महिन्यांत काउंटरवर जे चाललं ते आठवतंय. पहिले काही आठवडे फक्त प्रश्न. मग १६ इंचांच्या अप्परची, म्हणजे नळीसकटच्या वरच्या भागाची, मागणी वाढली, कारण सगळ्यात साधा मार्ग तो: दोन पिना काढा, वरचा भाग बदला, ब्रेसच्या जागी दस्ता लावा. मग आखूड अप्परचं करायचं काय? घरात लागू होणारी कायदेशीर बंदूक नसताना आखूड अप्पर आणि रायफलचा लोअर, म्हणजे चापाचा खालचा भाग, दोन्ही ठेवलं तर जोडणीचा इरादा धरला जाऊ शकतो. सुप्रीम कोर्टात १९९२ मध्ये थॉम्प्सन सेंटर प्रकरणात याच धर्तीचा प्रश्न आलेला, सुट्या भागांची पेटी म्हणजे बंदूक कधी ठरते असा. तेव्हा लोकांनी आखूड अप्पर विकले, भाव पडले, आणि ज्यांनी ते पडत्या भावात उचलले ते वर्षभरात हसत होते.

दुसरा मार्ग मला जास्त गमतीचा वाटला. मे महिन्यात फिफ्थ सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने ब्रेसच्या नियमाविरुद्धच्या मॉक खटल्यातल्या फिर्यादींपुरती स्थगिती दिली आणि ती फिर्यादी संघटनेच्या सभासदांनाही लागू आहे असं स्पष्ट केलं. झालं, वर्गणी भरायला झुंबड. ज्यांनी आयुष्यात कुठल्या संघटनेला पाच डॉलर दिले नव्हते, ते सभासदत्वाची पावती छापून बंदुकीच्या बॅगेत ठेवू लागले. आपल्याकडे गाडीत पीयूसी ठेवतात तशी. कायदेशीरदृष्ट्या ती पावती किती पक्की, यावर वकिलांत वाद होता. पण तिच्यामुळे माणसाला रात्री झोप लागत होती, एवढं नक्की.

पुढचा क्रम तुम्हाला माहीत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये फिफ्थ सर्किटने नियम बहुधा बेकायदेशीर ठरेल असं म्हटलं, १३ जून २०२४ ला टेक्सासच्या नॉर्दर्न डिस्ट्रिक्टमध्ये न्यायाधीश रीड ओ'कॉनर यांनी तो संपूर्ण रद्द केला, आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने अपील सोडून दिलं. बम्प स्टॉकचा निकाल त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा, १४ जूनचा. त्या आठवड्यात दुकानात दिवाळी होती.

मात्र यावरून "एटीएफचं सगळं पडतंच" असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी थांबवतो. घरी जुळवायच्या, क्रमांक नसलेल्या बंदुकांच्या किटवरचा २०२२ चा नियम २६ मार्च २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी ग्राह्य धरला. त्याच वर्षी मे महिन्यात फोर्स्ड रीसेट ट्रिगरबाबत (गोळी सुटली की चाप आपोआप पुढे ढकलणारी यंत्रणा) न्याय खात्याने रेअर ब्रीड कंपनीशी तडजोड करून माघार घेतली. दोन महिन्यांत दोन दिशा. आणि बम्प स्टॉकचा केंद्रीय नियम गेला तरी कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, फ्लोरिडा अशा राज्यांच्या आपापल्या बंदी आहेतच. टेक्सासमधून बम्प स्टॉक डिकीत टाकून फ्लोरिडाला सुट्टीवर निघालेला माणूस वाटेत कुठेतरी गुन्हेगार होतो.

राज्यांचा विषय निघालाच आहे तर कॅलिफोर्निया सोडून चालणार नाही. तिथे २००० पासून काढता येणारं मॅगझिन आणि ठरावीक वैशिष्ट्यं एकत्र चालत नव्हती. मग कोणीतरी मॅगझिनच्या खटक्याभोवती कडं बसवलं. बोटाने दाबता येत नाही, गोळीच्या टोकाने दाबता येतो. म्हणजे हत्यार लागतं, म्हणजे कायद्याने ते मॅगझिन काढता येणारं नाही. ही क्लृप्ती बरीच वर्षं चालली. २०१६ मध्ये राज्याने ती बंद करून नोंदणी मागितली, मुदत ३० जून २०१८. शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ कोलमडलं आणि ज्यांना नोंदवायचं होतं त्यांनाही नोंदवता आलं नाही, त्यावर वेगळा खटला. बाकीच्यांनी पिस्तुली मुठीच्या जागी माशाच्या परासारखा पत्रा लावला, म्हणजे अंगठा मागून फिरत नाही आणि वैशिष्ट्यच उरत नाही. धरायला भयंकर. पण कायदेशीर.

कॅलिफोर्नियातच २९ मार्च २०१९ ला न्यायाधीश बेनिटेझ यांनी मोठ्या मॅगझिनवरची बंदी रद्द केली. राज्याने स्थगिती मिळवेपर्यंत, म्हणजे ५ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत, आठवडाभर दार उघडं होतं. इतर राज्यांतल्या दुकानांनी दिवसरात्र पार्सलं बांधली. त्या आठवड्यात दहा लाखांवर मॅगझिन आत गेली असा अंदाज तेव्हा सगळीकडे फिरत होता. ज्यांनी घेतली त्यांनी बिलं जपून ठेवली आहेत, कारण त्या आठवड्यातल्या खरेदीला संरक्षण आहे आणि तारीख सिद्ध करायला बिलाशिवाय काही नाही. २०२५ मध्ये नाइन्थ सर्किट अपील कोर्टाच्या मोठ्या पीठाने बंदी कायम ठेवली.

भारतातून विचारणाऱ्या नातेवाईकांना हे सगळं अराजक वाटतं. त्यांना मी २०१९ च्या आपल्या दुरुस्तीची आठवण करून देतो. शस्त्र कायद्यात बदल होऊन परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची असं ठरलं, तिसरं वर्षभरात जमा करायचं. लोकांनी नाराजीने का होईना, केलं. कारण हत्याराचा क्रमांक परवान्याच्या पुस्तकात चढलेला असतो. कोकणातल्या शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूकसुद्धा निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होते, कारण ठाणे अंमलदाराला ती कोणाच्या घरी आहे हे तोंडपाठ असतं. अमेरिकेत साध्या बंदुकीची केंद्रीय नोंदच नाही, ती ठेवायला १९८६ च्या कायद्यानेच मनाई आहे. सुट्या भागाचं तर विचारूच नका. ज्याची नोंद नाही ते आणून द्या असं सांगितल्यावर कोण आणेल, हे केवळ त्या माणसाच्या मनावर. न्यूझीलंडने २०१९ मध्ये क्राइस्टचर्चमधल्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर निदान पैसे मोजले, तेव्हा सहा महिन्यांत ५६ हजारांवर बंदुका आणि दीड लाखाच्या वर सुटे भाग आले. बम्प स्टॉकला भरपाई नव्हती, ब्रेसलाही नव्हती. याचा परिणाम होतो, आणि वॉशिंग्टनमधल्यांना तो कळत नाही असं मी मानत नाही.

आता सायलेन्सर. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या मोठ्या कर-विधेयकाने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर, एसबीआर आणि आखूड शॉटगनवरचा २०० डॉलर कर शून्यावर आणला. मूळ प्रयत्न सायलेन्सर एनएफएतूनच काढण्याचा होता, सिनेटच्या पार्लमेंटेरियनने, म्हणजे सभागृहाच्या नियमतज्ज्ञाने, तो अर्थसंकल्पी विधेयकात बसत नाही म्हणून अडवला. जुलै ते डिसेंबर आमच्याकडे जे झालं ते अपेक्षितच: "आज घेतला तर दोनशे, जानेवारीत फुकट, मग आज का घेऊ?" काही कंपन्यांनी कर आम्ही भरतो म्हणून गिऱ्हाईक धरून ठेवलं. जानेवारी उजाडताच सगळे एकदम आले.

त्यातल्या अनेकांचा समज असा की कर गेला म्हणजे फॉर्म गेला. वस्तू नावावर करून घ्यायचा फॉर्म ४ आहे, बोटांचे ठसे आहेत, फोटो आहे, मंजुरी येईपर्यंत वस्तू दुकानाच्या तिजोरीतच राहते. ठशांवरच अर्धा वेळ जातो. विटा-सिमेंटचं काम केलेल्या, किंवा सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. मशीन लाल दिवा दाखवत राहतं. आम्ही काउंटरखाली लोशनची बाटली ठेवतो. हात चोळून दोन मिनिटं थांबलं की उमटतात. आता कोर्टात मुद्दा आहे तो असा: १९३७ मध्ये सोन्झिन्स्की प्रकरणात सुप्रीम कोर्टाने एनएफएच्या व्यवसायकराला करवसुलीचा अधिकार म्हणून मान्यता दिली, मग करच शून्य झाल्यावर नोंदणी कशाच्या जोरावर? यावर संघटनांनी खटले भरलेत. निकाल लागेपर्यंत नोंदणी आहे असं धरूनच चाला. इथे वाट बघण्याची चाल अंगाशी येईल, कारण हा कायदा काँग्रेसचा आहे, एटीएफचं पत्र नव्हे.

तुमच्या प्रश्नांकडे येतो. तुमची बंदूक मंजूर एसबीआर आहे. म्हणजे ब्रेसच्या जागी खराखुरा दस्ता तुम्ही लावू शकता, मित्रांना तेवढ्यासाठी आज फॉर्म भरावा लागेल. अडचण दोन ठिकाणी. राज्याबाहेर नेताना, अगदी ओक्लाहोमात रेंजवर गेलात तरी, आधी एटीएफचा ५३२०.२० फॉर्म मंजूर करून घ्यावा लागतो. सायलेन्सरला तो लागत नाही. दुसरं म्हणजे नोंद तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर तुमच्या गैरहजेरीत वहिनींच्या हाती तिजोरीची किल्ली असणं हासुद्धा ताब्याचाच प्रश्न होतो. पुढची वस्तू ट्रस्टच्या नावावर घ्या, दोघंही ट्रस्टी. २०१६ पासून दोघांचेही ठसे लागतात, त्याला इलाज नाही. ही कटकट नकोच असेल तर दस्ता काढून ती पुन्हा पिस्तूल करता येते, कारण मूळ जन्म पिस्तुलाचा आहे. तसं केलंत तर नोंद काढून टाका म्हणून एटीएफला लेखी कळवा आणि पत्राची प्रत ठेवा. मी तुमच्या जागी असतो तर नोंद ठेवली असती.

पुढचं काही आधीच घेऊन ठेवावं का? वस्तू वापरायची असेल तर घ्या. भाव चढेल म्हणून घेत असाल तर थांबा. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक शाळेतल्या गोळीबारानंतर, त्या एका महिन्यात खरेदीदारांच्या २७ लाखांहून जास्त पार्श्वभूमी तपासण्या झाल्या, साधी मॅगझिन दुप्पट-तिप्पट भावात गेली. केंद्रात कायदा झाला नाही आणि ती पुढे लोकांनी पडत्या भावात विकली. भीतीचा धंदा आमच्या व्यवसायात फार चालतो, मी त्याच व्यवसायात बसून सांगतोय. घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं बिल, त्या दिवशीचा नियम आणि मंजुरीची प्रत एकत्र ठेवा.

मेहुण्याचं उत्तर कडक आहे. एच-१बी हा बिगर-स्थलांतरित व्हिसा. अशा व्यक्तीला बंदूक, काडतूस किंवा सायलेन्सर बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं हेही बाळगणंच. अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. टेक्सासचं लायसन्स दर ३१ ऑगस्टला संपतं. ते संपलं आणि त्याने नवं काढलं नाही तर १ सप्टेंबरला तो घरबसल्या गुन्हेगार, शिक्षा १५ वर्षांपर्यंत आणि वर हद्दपारीचा धोका. सायलेन्सरचा फॉर्म तर त्याने ग्रीन कार्डपर्यंत भरूच नये असं माझं मत आहे. तुमच्या तिजोरीची किल्ली त्याच्याकडे देऊ नका, सुट्टीत घर राखायला आला तरी नाही.

आणि दोघांसाठी एक. रेंजवर जायची बॅग भारतात जाताना वापरू नका. मुंबईच्या विमानतळावर बॅगेच्या शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस सापडलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, इथलं बिल तिथे चालत नाही. चुलतभावाच्या एअर रायफलसाठी स्कोप नेतो म्हणाल, तर स्कोपवर अमेरिकेचं निर्यात नियंत्रण आहे. त्याला तो पुण्यातच घ्यायला सांगा.